बार्थोलोम्यू कल्याणला आला होता का?

येशूचा शिष्य बार्थोलोम्यू आपल्या कल्याणला येऊन गेला, असं ठामपणे सांगणारे भेटतात. म्हटलं, बघू तरी.

मुख्य आधार चौथ्या शतकातला चर्च-इतिहासकार युसेबियस याचा: पँटेनस नावाचा ख्रिस्ती शिक्षक ‘इंडिया’त गेला, तिथे त्याला बार्थोलोम्यूने ठेवलेलं हिब्रू लिपीतलं मत्तयाचं शुभवर्तमान मिळालं म्हणे. कल्याणचा उल्लेखच नाही! शिवाय तेव्हाचे लेखक इथिओपिया, दक्षिण अरबस्तानालाही इंडिया म्हणून टाकत.

मग कल्याण आलं कुठून? जुन्या नोंदींतल्या ‘इंडिया फेलिक्स’मधून. फेलिक्स म्हणजे सुखी, मंगल, म्हणून कल्याण! जुळणी गोड आहे, पुरावा नव्हे.

सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी ‘कल्लियाना’तल्या (बहुधा कल्याणच) बिशपबद्दल लिहितो, पण तिथे बार्थोलोम्यूचं नाव नाही. आर्मेनिया तर बार्थोलोम्यूचं हौतात्म्य आपल्याकडेच झाल्याचं सांगतो.