ऑटोमॅटिक डिझेल मोटार : उभ्या गाडीचा कंप आणि न्यूट्रलचा उपयोग

शेतकऱ्याच्या अंगणांत बैलगाडीशेजारीं ट्रॅक्टर आला, आणि आतां ट्रॅक्टरशेजारीं डिझेलची मोटारहि उभी राहूं लागली आहे. त्यांतहि जिला पायाचा क्लच नाहीं व जी आपले गिअर आपणच बदलते, अशी ऑटोमॅटिक मोटार पुष्कळ बागाइतदार घेऊं लागले आहेत. अशी गाडी नव्यानें चालविणारा गृहस्थ बहुधा दोन प्रश्न विचारतो. पहिला, गाडी थांबली असतां स्टिअरिंग व बैठक थरथरते, हा दोष समजावा काय? दुसरा, अशा वेळीं दांडा न्यूट्रलमध्यें घ्यावा कीं नाहीं? प्रश्न लहान दिसतात. परंतु न्यूट्रलचा चुकीचा उपयोग घाटांत जिवावर बेततो, म्हणून त्यांचा नीट विचार करणें अवश्य आहे.

कंपाचें मूळ

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. पेट्रोल इंजिनांत हवा साधारणतः दहा-अकरा पट दाबतात, तर आजच्या मोटारींच्या डिझेल इंजिनांत ती पंधरा ते अठरा पट दाबली जाते. अर्थात् प्रत्येक स्फोटाचा ठोका अधिक जोराचा बसतो. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें हें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें, तेव्हांपासून काटकसरीचा गुण आणि थरथरण्याची खोड हीं दोन्ही त्याच्याबरोबर चालत आलीं आहेत.

चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर सेकंदास सुमारें २७ ठोके बसतात. तीन सिलिंडर असल्यास २०. वेग वाढला म्हणजे ठोके एकमेकांत मिसळून जातात. मंद गतींत ते सुटे सुटे जाणवतात.

आतां डी व न्यूट्रल यांतील भेद पाहूं. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्यें टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलानें भरलेली एक बंद डबी असते. तींत दोन पंखे समोरासमोर असतात. एकास इंजिन फिरवितें, व त्यानें लोटलेल्या तेलाच्या जोरानें दुसरा फिरतो. दांडा डी वर व पाय ब्रेकवर असला, म्हणजे दुसरा पंखा अडलेला असून पहिला त्याला लोटीतच राहतो. बैल जुंपलेले आणि कासरा ओढून धरलेला, असा हा प्रकार आहे. इंजिनावर ओझें पडतें, तें आपल्या रबरी माउंटिंगवर रेलतें आणि कंप वाढतो. न्यूट्रल घेतांच बैल सोडल्यासारखें होतें. म्हणून डी मध्यें थोडा कंप व न्यूट्रलमध्यें त्याहून कमी, हें स्वाभाविकच समजावें.

न्यूट्रल केव्हां घ्यावें

रेल्वेचें फाटक, टोलनाका किंवा शहरांतील मोठा सिग्नल येथें अर्धें मिनिट वा अधिक थांबावयाचें असेल, तर ब्रेकवरील पाय न काढतां न्यूट्रल घ्यावें व हातब्रेक ओढावा. दहा-पांच सेकंदांकरितां दांडा पुढेंमागें करण्याचें कारण नाहीं. पुन्हां डी मध्यें येतांना पाय ब्रेकवरच ठेवावा आणि इंजिन मंद चालूं द्यावें. इंजिन जोरांत असतांना दांडा टाकल्यास सर्व गिअरबॉक्सला हादरा बसतो.

कांहीं गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरऐवजीं आपोआप उघडमीट करणारा क्लच असतो. ब्रेक पुरा दाबला कीं तो बहुधा सुटतो. त्यामुळें न्यूट्रलनें फारसा फरक पडत नाहीं. मात्र उसाच्या गाड्यांच्या रांगेमागें अर्धा ब्रेक दाबून इंच-इंच सरकत राहिल्यास तो क्लच तापतो व झिजतो. पुढें जागा झाल्यावरच एकदम थोडें अंतर जावें, हें बरें.

उतारावर न्यूट्रल नको

गेल्या वैशाखांत एका परिचितांच्या गाडींतून आम्ही कऱ्हाडहून चिपळूणास लग्नाला निघालों होतों. कुंभार्ली घाट उतरतांना डिझेल वाचेल या समजुतीनें त्यांनीं दांडा न्यूट्रलमध्यें टाकला. कांहीं वळणांतच चाकांपाशीं जळका वास सुटला आणि ब्रेकचें पेडल मऊ होऊन खालीं जाऊं लागलें. दांडा खालच्या गिअरांत घेऊन व हातब्रेक हळूहळू ओढून गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूस थांबविली. ब्रेक निवेपर्यंत मंडळी दगडांवर बसून राहिली. त्यांत दोन लहान मुलें होतीं.

ही समजूत मुळांतच खोटी आहे. गिअर चालू असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, म्हणजे उतारावर आजचें डिझेल इंजिन इंधन घेणेंच बंद करतें. चाकेंच त्याला फिरवितात आणि तें गाडीस मागें ओढून धरतें. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू राहण्याकरितां डिझेल जळतच राहतें, आणि सारा भार ब्रेकवर पडतो. भरली बैलगाडी उतरणीस लागली असतां तिचें ओझें बैल मागें रेलून धरतात. तेथें बैल सोडणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. तोच न्याय मोटारीस लावावा. घाट उतरतांना दांड्यानें खालचा गिअर निवडावा.

कंपावरून दोष ओळखणें

थंडींत सकाळीं पहिलीं कांहीं मिनिटें गाडी अधिक थरथरते. त्याची चिंता नको. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत धुराची काजळी जाळण्याचें काम चालू असतां मंद गति आपोआप थोडी वाढते. तोहि दोष नव्हे.

परंतु पूर्वी नसलेला कंप न्यूट्रलमध्येंहि जाणवूं लागला, तर इंजेक्टर, इंधनाच्या नळींत शिरलेली हवा किंवा डिझेलांतील पाणी यांचा संशय घ्यावा. शेतावर पिंपांत साठविलेल्या डिझेलांत दमट हवेचें पाणी उतरतें. तें मोटारींत घालूं नये. फिल्टरांतील पाणी वेळच्या वेळीं काढवावें. न्यूट्रलमध्यें गाडी शांत, पण डी किंवा रिव्हर्समध्यें घेतांच सारें अंग हादरतें, असें झाल्यास माउंटिंगचें रबर फाटलें किंवा बसलें असण्याचा संभव अधिक. गोठ्याशेजारीं उभ्या गाडीच्या नळ्या व तारा उंदीर कुरतडतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

शेवटीं एक सूचना. न्यूट्रल म्हणजे गाडी बांधून ठेवणें नव्हे. अंगण सपाट दिसलें तरी उतरण्यापूर्वीं हातब्रेक ओढावा, मग दांडा पी वर न्यावा आणि इंजिन बंद करावें. सोडलेला बैल दाव्यास बांधल्यावांचून आपण घरांत जात नाहीं. मुलें खेळतात त्या अंगणांत मोटारीविषयींहि तीच संवय ठेवावी.