चाक फिरलं आठ तास

मित्रांनो, आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. माझं मराठी आपल्या मेसच्या आमटीसारखं आहे. पातळ आहे, पण गोड मानून घ्या!

शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'सर्व्हिस' लिहायचो. खोटं काही नव्हतं. बाबा ट्रक चालवतात, आणि गेली कित्येक वर्षं एकाच रिटेल दुकानांच्या साखळीचा माल पोचवतात. गोडाऊन भिवंडीजवळ पडघ्याला, दुकानं नाशिकची दोन आणि सिन्नरचं एक. याला ट्रान्सपोर्टमध्ये 'डेडिकेटेड' गाडी म्हणतात. म्हणजे गाडी मालकाचीच, पण करारानं एकाच कंपनीला बांधलेली. 'मार्केट'मधल्या गाडीला परतीचं भाडं शोधत दोन-दोन दिवस कुठेतरी पडून राहावं लागतं. इथे ती कटकट नाही. रस्ता ठरलेला, पगार ठरलेला. गाडीवर दोन ड्रायव्हर, एक दिवसाआड ड्यूटी. ऐकायला मस्त वाटतं ना? मलाही वाटायचं. मग दिवाळीच्या सुट्टीत एकदा त्यांच्याबरोबर गेलो.

रात्री नऊला गोडाऊनवर पोचलो. लोडिंगचा नियम बघून मला हसूच आलं, कारण तो आपल्या डेटा स्ट्रक्चर्समधला 'स्टॅक' आहे! जे दुकान शेवटी, त्याचा माल सगळ्यात आधी चढतो. त्यामुळे सिन्नरचा माल केबिनला चिकटून, नाशिकचा दाराशी. तेल, साखर, आटा खाली, बिस्किटं-चिप्स वर. एक खोकं चुकीच्या जागी गेलं, तर दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात अर्धी गाडी रिकामी करायची वेळ येते. म्हणून बाबा लोडिंग संपेपर्यंत झोपत नाहीत. हे त्यांचं काम नाही, पण कमी भरलं तर जाब त्यांनाच विचारतात. शेवटी दाराला सील लागलं. त्याचा नंबर त्यांनी चलनावर लिहिला, शिवाय मोबाईलवर फोटो काढला. ई-वे बिल तपासलं. (2021 पासून साधारण मालाला 200 किमीमागे एक दिवस मुदत मिळते, त्यामुळे या रुटवर त्याची चिंता नसते.) निघालो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

पहाटे पाचला नाशिक. दुकानाचं मालाचं गेट सातला उघडतं. बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून दीड तास झोपले. तीच त्यांची रात्र. पहिलं दुकान साडेनऊला आटोपलं. दुसऱ्या दुकानात आमच्या आधी दोन गाड्या होत्या, आणि माल उतरवून घेणारी माणसं दोनच. तीन तास नुसते बसलो. झोपावं तर कधी नंबर लागेल सांगता येत नाही, आणि नंबर चुकला तर पुन्हा मागे. दुकानाचं बाथरूम स्टाफसाठी. ड्रायव्हर स्टाफ नाही म्हणे! मग पेट्रोलपंप गाठायचा.

आपण ऑपरेशन्स रिसर्चमध्ये कमीत कमी अंतराचा रुट काढतो आणि पूर्ण मार्क घेतो. त्या गणितात दुकान म्हणजे एक टिंब असतं. त्या टिंबावर माणूस तीन तास बसतो, हे कुठल्याच इक्वेशनमध्ये येत नाही. परत आल्यावर मी लायब्ररीत 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा उघडून बघितला. त्यात दिवसाला 8 तास, आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं ठरवलेलं होतं. पण कामाच्या तासांची व्याख्या वाचा. टर्मिनलवर नुसतं हजर राहणं त्यात धरलं होतं, ते 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तर! त्यापुढचं थांबणं बहुधा आराम समजायचे. आराम कसा असतो ते मी त्या दिवशी बघितलं.

सिन्नरला तेलाचं एक खोकं कमी निघालं. तिथल्या साहेबांनी सरळ चलनावर 'शॉर्ट' लिहायला घेतलं. बाबांनी शांतपणे सीलचा फोटो पुढे केला. गोडाऊनपासून इथपर्यंतची सगळी सीलं, दुकानादुकानाच्या सह्यांसकट. "साहेब, खोकं कमी आहे हे लिहा. पण सील शाबूत होतं, हेही लिहा." अर्धा तास वाद झाला. शेवटी दोन्ही लिहिलं. ते लिहिलं नसतं तर पैसे पगारातून गेले असते, आधी एकदा गेले आहेत. माझ्या शाळेची फी कशातून जायची, ते मला तिथे उभं राहून कळलं.

साडेचारला परत निघालो. घोटी, इगतपुरी, आणि अंधारात कसारा घाट. येताना चढ होता, आता उतार, आणि गाडीत फक्त रिकामे क्रेट. मागची चाकं हलकी असली की जोरात ब्रेक मारल्यावर ती घसरतात, म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरवायची. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झालाय. त्यातल्या बोगद्यानं गेलं की घाट टळतो. मी विचारलं तर म्हणाले, "तिकडचा टोल आपल्या शीटमध्ये नाही रे." म्हणजे बाविसाव्या तासाला, दीड तासाच्या झोपेवर, घाट. मला त्यांनी एकच काम दिलं होतं, बोलत राहायचं. मी त्यांना थर्मोडायनॅमिक्स शिकवलं. इतकं बोअरिंग असूनही ते जागे राहिले!

वहीत हिशेब मांडला. एकूण 23 तास, त्यात चाक फिरलं ते 8.

पडघ्याला क्रेट मोजून गेटपास मिळाला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. बाबांनी किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरकाकांच्या हातात दिली, डावा मागचा टायर बघा म्हणाले, आणि गाडी परत लोडिंगच्या रांगेत लागली.