रानच्या दवाखान्यातील उमेदवारी

जखमी किंवा पोरका प्राणी दिसला की त्याला उचलून छातीशी धरावे, असे कोणालाही वाटते. वन्यप्राण्यांच्या शुश्रूषाकेंद्रात उमेदवारी करावयास येणारा विद्यार्थीही बहुधा हीच भावना मनाशी बाळगून येतो. गंमत अशी, की तेथे त्याला सर्वप्रथम शिकावे लागते ते हात आवरणे. ऐकावयास ही गोष्ट सोपी आहे. अंगवळणी पडावयास मात्र फार जड जाते. ती का शिकावी लागते, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

आसामातील काझीरंगा हे अरण्य एकशिंगी गेंड्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. उत्तरेस ब्रह्मपुत्रा, दक्षिणेस कार्बी आंगलोंगच्या टेकड्या आणि या दोहोंच्या मधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, अशी त्याची ठेवण आहे. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर येतो आणि तो येणे अरण्याच्या हिताचेच असते. तेथील उंच गवत त्या गाळावर पोसते, तळी त्या पाण्याने भरतात. पण पाणी चढू लागले की जनावरे टेकड्यांच्या आश्रयाला निघतात. मोठी पोहून जातात, पिल्ले मागे पडतात. काही प्रवाहात आईपासून तुटतात, काही जनावरे महामार्गावर वाहनांखाली सापडतात. अशांसाठी आसामचे वनखाते आणि ‘वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया’ ही संस्था यांच्या सहकार्याने २००२ साली काझीरंग्याच्या कडेला एक केंद्र सुरू झाले. पुरातून काढलेले पिल्लू येथे आणले जाते, आणि पशुवैद्यकाचे विद्यार्थीही अनुभव घेण्यासाठी येथे येतात.

पशुवैद्यकाच्या पदवीला आपल्या देशात वर्षभराची सक्तीची उमेदवारी जोडलेली आहे. तीत विद्यार्थ्याचा हात बसतो तो गाय, म्हैस, शेळी, कुत्रा यांच्यावर. गाय आपल्याला हात लावू देते, आणि तिने कालपासून वैरण टाकली आहे हे सांगावयास धनी शेजारी उभा असतो. रानातल्या रोग्याची हकिगत सांगणारा कोणीच नसतो. शिवाय तो आपले दुखणे लपवतो, कारण रानात दुखणे दिसू देणे म्हणजे शत्रूला बोलावणे. हरणाचे उदाहरण घ्या. पकडताना ते भीतीने जी धडपड करते तिने त्याचे स्नायू आतून झिजतात, रक्तात विषारी द्रव्ये साठतात, आणि पायाची जखम नीट बांधूनही ते दोन-तीन दिवसांत दगावते. म्हणून आधी डोळ्यांवर पट्टी, मग काळोख आणि शांतता; औषधाचा क्रम त्यानंतर. विद्यार्थ्याने मायेने थोपटले तर ते हरणाला माया वाटत नाही. वाघाने पंजा टेकला, एवढेच त्याला कळते.

गेंड्याच्या पिल्लाची अडचण नेमकी उलटी आहे. जन्मतःच सुमारे ६० किलो वजनाचे हे बाळ भुकेपुढे भीती लवकर विसरते. त्याला बाटलीने दूध द्यावे लागते, पण कोणते? गेंड्याच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा पुष्कळच कमी आणि शर्करा अधिक असते. त्यामुळे साईचे दूध त्याला बाधते. हगवण लागली तर एवढा मोठा देह पाहता पाहता खचतो. दुधाचे माप, बाटल्या उकळणे, शेणाचा रंग व घट्टपणा, रोजचे वजन ही सारी कामे उमेदवाराच्या वाट्याला येतात. भुलीची बंदूक हाती येईल या आशेने आलेल्या तरुणाचा येथे थोडा हिरमोड होतो, आणि तो व्हावाच, असे मला वाटते.

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. बाटली धरणाऱ्या माणसालाच पिल्लू आई समजू लागते. हाक मारली की धावत येते, अंग घासते. पाहणाऱ्याला हे दृश्य मोठे गोड वाटते. पण ज्याला उद्या रानात सोडावयाचे, त्याने माणसाच्या वासरासारखे वागणे धोक्याचे आहे. असा गेंडा पुढे वस्तीत शिरतो, भातशेती तुडवतो; आणि शिंगासाठी येणारा चोरटा शिकारीही त्याच्या लेखी माणूसच असतो. म्हणून दूध पाजणारे सेवक ठरावीक ठेवतात. इतरांनी कुंपणाबाहेरून पाहावे, वहीत टिपावे, हाक मारू नये.

या कठोरपणाचे फळ ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेस, भूतानच्या सीमेला लागून असलेल्या मानस अरण्यात दिसते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे चाललेल्या अशांततेत तेथील गेंडे शिकाऱ्यांनी नाहीसे केले होते. २००६ साली काझीरंग्याच्या केंद्रात वाढलेली पहिली मादी मानसला नेण्यात आली; मागाहून आणखी गेली. आधी मोठ्या कुंपणात ठेवून रानाची सवय करावयाची, मग गळ्यात रेडिओपट्टा घालून मोकळे सोडावयाचे, अशी ही रीत. त्यांतील माद्यांना पुढे रानात पिल्ले झाली.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने याकरिता इतक्या लांब जावे का, असे कोणी विचारील. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे केंद्र आहे. त्या भागात उसाची तोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. ती पोरकी आहेत असे समजून पूर्वी उचलली जात. वस्तुतः आई जवळपासच असते. आता पिल्लाची तपासणी करून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, माणसे दूर सरतात, आणि रात्री आई येऊन त्याला तोंडात धरून नेते. येथे उमेदवाराचे काम काय? पिल्लाचे वजन करणे, आणि मग अंधारात दूर, न बोलता, कॅमेऱ्यावर विसंबून बसणे. तसे पाहिले तर येथे वैद्यकी अगदी थोडीच आहे.

अशा ठिकाणी जाऊ इच्छिणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी. जेथे पैसे घेऊन बछड्यांसोबत छायाचित्रे काढू देतात, तेथे मुळीच जाऊ नये. १९७२ च्या कायद्यान्वये परवानगीवाचून वन्यप्राणी जवळ बाळगता येत नाही, हे पक्के ध्यानी ठेवावे. आणि मरण पाहण्याची तयारी ठेवावी. आणलेले पुष्कळ जीव वाचत नाहीत, आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

उमेदवार महिना-दोन महिने राहतो. गेंड्याचे पिल्लू मात्र केंद्रात दोन-तीन वर्षे असते. ज्याला त्याने कुंपणाआडून रोज पाहिले, त्याची मानसला होणारी रवानगी बहुधा त्याच्या दृष्टीस पडत नाही. जाताना तो दूध, वजन आणि शेण यांच्या नोंदी पुऱ्या करून वही ठेवतो. पुढच्या तारखेची नोंद दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात असते.