बुळकांडी गेली, लाळ्या राहिला

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची जत्रा भरते. घोंगड्या, मिठाई, पाळणे हे तिथे असतंच, पण म्हसा खरा नावाजलेला तो बैलबाजारासाठी. गिऱ्हाईक बैलाचा जबडा उघडून दात बघतो. बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाची खूण याच जबड्यात उमटायची: हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखे पांढुरके ठिपके. सोबत ताप, गळणारे डोळे, मग दुर्गंधी हगवण. आठवड्या-दीड आठवड्यात जनावर आडवं.

   

बुळकांडीचा विषाणू गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. मात्र अंगाबाहेर, उन्हात तो फार काळ तगत नाही. त्याला जनावरांची दाटी लागते: पाणवठा, बाजार, तांडा. १८६५ साली आगगाडी कसाऱ्याहून इगतपुरीला चढली. त्याआधी या वाटेवरच्या थळ घाटातला माल बैलांच्याच पाठीवरून आणि गाड्यांतून जाई. रोगाला याहून सोयीची वाट कोणती?

गुरांच्या रोगांवर संशोधनासाठी १८८९ साली सरकारने पुण्यात प्रयोगशाळा काढली. पुढे ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली. तिथे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी विषाणू शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य केला आणि लस बनवली. नंतर वॉल्टर प्लोराइट यांची पेशींवर वाढवलेली, अधिक निर्धोक लस आली. ती एकदा टोचली की जनावराला पुरेसं संरक्षण मिळे. बरं झालेलं जनावरही रोग बाळगत फिरत नसे. इथेच बुळकांडी हरली. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५चा. २०११ साली जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग, पण देवीच्या मानाने त्याचं कौतुक फारच थोडं झालं.

लाळ्या-खुरकूत हा गुरांचा दुसरा साथरोग मात्र अजून हटत नाही. त्याच्या विषाणूचे सात प्रकार. एकाविरुद्धची लस दुसऱ्याला अडवत नाही, तिची ताकदही काही महिन्यांतच ओसरते, आणि बरी झालेली काही गुरं विषाणू घशात बाळगून असतात. लंपी या गुरांच्या त्वचारोगाची तऱ्हा आणखी निराळी: तो डास, माश्या, गोचिडांमार्फतही पसरतो. म्हणून २०२२ साली राज्यातले गुरांचे बाजार बंद केले, तरी गोठ्यांत फवारणी आणि लसीकरण करावंच लागलं.