ही फिल्म थिएटरला लागणार नाही!

फिल्म म्हटलं की आपल्याला फ्रायडे रिलीजच आठवतो. ही जरा वेगळी. जिभेवर विरघळणारी माउथ फ्रेशनरची पातळ पट्टी असते ना, तशी. फक्त ही योनीमार्गात ठेवायची. तिच्यात अँटिबॉडीज असतात, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू न देणारी प्रथिनं. एक एचआयव्हीसाठी, दुसरी हर्पिससाठी. गंमत म्हणजे ती बनवली आहेत तंबाखूच्या जातकुळीतल्या झाडात! एमबी६६ नावाच्या या फिल्मच्या अमेरिकेतल्या पहिल्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. फिल्म सुरक्षित ठरली, पण संसर्ग खरंच टळतो का, हे सिद्ध झालेलं नाही. तेव्हा लगेच केमिस्टकडे धावू नका.

मला आवडलं ते हे, की 'त्याला' विचारावं लागत नाही. माझी एक मैत्रीण आहे. एमबीए, गलेलठ्ठ पगार, नवरा कायम टूरवर. कंडोमचा विषय काढला की तो म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" संपला विषय.

पण बाईच्या हातात वस्तू दिली की झालं, असंही नाही. एचआयव्ही रोखणाऱ्या टेनोफोविर जेलची सुरक्षितता आपल्या पुण्यात, 'नारी' संस्थेतही तपासली गेली होती. पुढे आफ्रिकेतल्या 'व्हॉइस' या मोठ्या चाचणीत जेल फेल गेलं. ९० टक्के वापर झाल्याचं बायकांनी सांगितलेलं. रक्तात औषध सापडलं सरासरी २५ टक्के नमुन्यांत. त्यांना काय अडचण होती, हे आधी नीट ऐकायला हवं होतं ना?

ते ऐकणं आपल्याकडे फार आधी झालंय, तेही गडचिरोलीत. १९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग असलेला हा जंगलाचा जिल्हा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, त्यात निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा. ४५ टक्के जणींची तर काही तक्रारच नव्हती. आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या? फक्त ८ टक्के.

'बिच्चाऱ्या!' म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं, मी तरी कुठे तपासून घेतलंय? एकदा गेले होते एका चकाचक क्लिनिकमध्ये. रिसेप्शनिस्टने भर हॉलमध्ये विचारलं, "मॅडम, लग्न झालंय का?" मी मोबाईल कानाला लावून सटकले.

हे आकडे मैत्रिणीला पाठवले. तिचा फोन आला, बराच वेळ बोलली. येत्या शनिवारी आम्ही दोघी जातोय. लग्नाचं पुन्हा विचारलंच, तर उत्तर ती देणार आहे. तिचं झालंय.