हत्तीच्या नाण्याचा धनी

ब्रिटिश म्युझियममधले चांदीचे एक जाडजूड ग्रीक नाणे मला अनेक वर्षे छळत आले आहे. दर्शनी बाजूवर पळणारा हत्ती, त्यावर दोघे जण आणि भाला रोखून त्यांचा पाठलाग करणारा घोडेस्वार. मागच्या बाजूस चिलखतातला पुरुष. त्याच्या हाती वज्र, आणि पंखांची विजयदेवता त्याला हार घालायला आलेली. राजाचे नाव मात्र कुठेच नाही.

1887 साली पर्सी गार्डनर यांनी ते प्रसिद्ध केले. नाणे मध्य आशियातून आलेले, म्हणून त्यांनी ते बॅक्ट्रियाच्या ग्रीकांचे मानले. 1906 मध्ये बार्क्ले हेड यांनी चित्रावर भर दिला. वज्र हे झ्यूसचे आयुध. अपेलीज या चित्रकाराने अलेक्झांडरलाच वज्रधारी रंगवले होते. त्यात समोर हत्ती. म्हणजे नाणे अलेक्झांडरचे आणि प्रसंग इ.स.पू. 326 मधल्या झेलमकाठच्या लढाईचा.

तर्क देखणा होता, पण त्याला आधार मिळाला 1973 मध्ये, बॅबिलॉनजवळच्या साठ्यातून. तिथे याच जातीची आणखी नाणी निघाली; लहान नाण्यांवर लांब धनुष्याचा तिरंदाज, रथ आणि पुन्हा हत्ती. शेजारी अलेक्झांडरची नेहमीची नाणीही होती, त्यामुळे काळ जवळपास ठरला. दुर्दैव असे की साठा बाजारात पांगला. कोणते नाणे कोणाशेजारी होते, ही माहिती त्याबरोबर गेली, आणि टाकसाळीचा वाद उरला.

काही नाण्यांवर ‘क्साय’ आणि ‘आल्फा-बीटा’ ही अक्षरे दिसतात. सुसाचा क्षत्रप अबुलिटीस आणि तिथल्या गढीचा अधिकारी क्सेनोफिलस यांची ती आद्याक्षरे असावीत, असे एक मत आहे. मला ते पटण्याजोगे वाटते. अबुलिटीसला अलेक्झांडरने इ.स.पू. 324 मध्ये ठार केले. तेव्हा ही नाणी त्याआधीची, अलेक्झांडर हयात असतानाची ठरतात.

मात्र घोडेस्वार म्हणजे अलेक्झांडर आणि हत्तीवर पोरस, हे शाळेपासून मनात बसलेले द्वंद्व मी मानत नाही. आरियनच्या वृत्तांतात या दोघांची अशी झुंज नाहीच. जखमी पोरस हत्तीवरून माघारी फिरला असता घोड्यावरून त्याच्यामागे आधी गेला तो तक्षशिलेचा राजा, त्याचा जुना वैरी; पोरसने भाला उगारताच त्यानेच घोडा वळवला.