कुड्याची साल आणि दोन परीक्षा

पालघरहून उमरोळी गेली की बोईसर येतं. इथल्या तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल तयार होतो. त्याच पालघर जिल्ह्यातल्या रानात कुडा उगवतो. हगवण, आव यांवर त्याच्या सालीचा काढा हा जुना उपाय. ‘झाडात गुण आहे’ या म्हणण्याला प्रयोगशाळेत दोन परीक्षा द्याव्या लागतात.

साल सावलीत वाळवून कुटतात आणि सॉक्सलेट यंत्रात घालतात. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली ते दुधातली चरबी मोजायला बनवलं. खाली मिथेनॉल उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, सालीवर ठिबकते आणि अर्क घेऊन पुन्हा खाली उतरते. शेवटी मिथेनॉल उडवलं की तळाशी काळपट चिकट गोळा राहतो.

पहिली परीक्षा ऑक्सिडीकरणरोधक गुणाची. डीपीपीएच या रसायनाचं गडद जांभळं द्रावण अर्कात मिसळून अर्धा तास अंधारात ठेवतात. गुण असेल तर जांभळा रंग पिवळटाकडे उतरतो. ५१७ नॅनोमीटरवर तो किती उतरला ते मोजून ‘क’ जीवनसत्त्वाशी ताडतात. अर्काला मुळात स्वतःचा रंग असतो. तो वेगळा मोजून वजा केला नाही, तर आकडा फसवतो.

दुसरी परीक्षा जंतूंची. आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या बशीवर स्टॅफिलोकॉकस किंवा ई. कोलाय पसरतात, भोक पाडून त्यात अर्क भरतात आणि बशी ३७ अंशांना ठेवतात. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसलं, तर त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारच्या भोकात नुसतं द्रावक हवंच. तिथेही वर्तुळ उठलं, तर श्रेय सालीचं नव्हे. उलट, वर्तुळ लहान म्हणून अर्क कुचकामी ठरत नाही. जड रेणू आगरमधून हळू सरकतात. म्हणून जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा वेगळी काढावी लागते.

कुड्याची खरी गोम पुढेच आहे. घरचा काढा पाण्यातला, प्रयोगशाळेतला अर्क मिथेनॉलचा. दोन्हींत उतरणारी द्रव्यं सारखी नसतात. शिवाय आव अमिबामुळेही होते, आणि कुड्यातलं कोनेसीन हे अल्कलॉइड अमिबावर वापरलं गेलेलं आहे. बशीत मात्र जीवाणू असतात. तिथे कुडा नापास झाला म्हणून काढा खोटा ठरत नाही, आणि पास झाला म्हणून औषध तयार होत नाही. विषारीपणा, मात्रा, माणसांवरच्या चाचण्या हे सगळं बाकीच असतं.

तेव्हा चूर्णाच्या पुडीवर ‘जंतुनाशक गुण सिद्ध’ असं छापलेलं दिसलं, तर दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या जंतूवर, कशात काढलेला अर्क आणि किती मात्रेत?